दफ्तराबाहेरचा सांभाळ

बारामतीहून इंदापूरच्या वाटेने जाताना इंदापूरच्या अलीकडे जे मोठे, गजबजलेले गाव लागते ते निमगाव केतकी. आणि पर्जन्यछायेतल्या त्या कोरड्या, माळरानी मुलखात ज्या गावाने विहिरीच्या पाण्यावर नागवेलीसारखे मानी पीक पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, त्याची ख्याती खाऊच्या पानांचे गाव म्हणून तालुक्याबाहेर पसरली असल्यास त्यात आश्चर्य नाही. गावाची दुसरी ख्याती पालखीची आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, आंथुर्णे असा प्रवास करीत येथे येते, मुक्काम करते आणि पुढे इंदापूरवरून सराटीला जाऊन, नीरा ओलांडून, अकलूजकडे मार्गस्थ होते.

इतिहासलेखकाला या परगण्यात विषयांचा तुटवडा नाही. इंदापूर म्हटले की मालोजीराजांची आठवण निघते. पुणे, सुपे, चाकण यांच्या जोडीला इंदापूरचाही परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. आणि १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या दोन इंग्रज अंमलदारांनी जमिनीच्या मोजणीचा व प्रतबंदीचा जो नवा प्रकार सुरू केला, आणि जो पुढे साऱ्या मुंबई इलाख्याला लागू झाला, त्याचा श्रीगणेशा याच तालुक्यात झाला. तेव्हा राजे, जहागिरी, जमाबंदी यांवर लिहिणाऱ्याला येथे हवे तेवढे कागद मिळतील. मला मात्र ज्या रिवाजाविषयी लिहावयाचे आहे त्याच्यासाठी कोणत्याही दफ्तरात रकाना नव्हता. स्वभावाने आणि बुद्धीच्या घडणीने चारचौघांपेक्षा निराळा असलेला नवरा किंवा निराळी असलेली बायको जेव्हा मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळे, तेव्हा दुसऱ्याने तिचा किंवा त्याचा सांभाळ कसा करावयाचा, हा तो रिवाज होय.

अशा माणसांना आज शहरांतील सुशिक्षित मंडळी ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. स्वमग्नता असलेले, चित्त एका ठिकाणी न ठरणारे, एकाच गोष्टीचा अखंड ध्यास घेणारे, गोंगाटाने, अनोळखी स्पर्शाने किंवा दिनक्रमातील यत्किंचित बदलाने व्याकूळ होणारे, असे अनेक प्रकारचे लोक त्या संज्ञेत येतात. लिओ कॅनर याने बालकांमधील स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन १९४३ साली प्रसिद्ध केले आणि हान्स आस्पर्गरचे लेखन १९४४ चे. परंतु माणसे अर्थातच त्यापूर्वीही होती. गावाने त्यांना एककल्ली, भोळसर, तऱ्हेवाईक, अवलिया, नाही तर सरळ खुळा म्हणून आपल्यात ठेवून घेतले होते, आणि ठेवून घेतले म्हणजे नेहमी प्रेमानेच वागवले असे समजण्याचे कारण नाही.

धर्मशास्त्राने या लोकांचा विचार केला होता, पण तो वारसाहक्काच्या अंगाने. याज्ञवल्क्याच्या स्मृतीत दायभागाला अपात्र ठरणाऱ्यांची जी यादी आहे, तिच्यात उन्मत्त आणि जड हे पांगळ्या-आंधळ्यांच्या रांगेत बसवलेले आहेत, आणि त्याच रांगेत ज्याचा रोग बरा होण्यासारखा नाही असा मनुष्यही आहे. यांना हिस्सा द्यावयाचा नाही, मात्र त्यांचे भरणपोषण करावयाचे. आणि त्यांच्या निपुत्रिक, सदाचारी बायकांचेही करावयाचे. कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली विज्ञानेश्वराने या स्मृतीवर जी मिताक्षरा टीका रचली, तीच पुढे महाराष्ट्रातील हिंदूंच्या वाटण्यांचा मुख्य आधार झाली, आणि तिच्या मागोमाग ‘अन्नवस्त्र’ हा शब्द आपल्या कोर्टकचेऱ्यांत रूढ झाला. मनाने निराळा असलेला आणि देहाने असाध्य आजारी असलेला, या दोघांना शास्त्रकाराने एकाच पंगतीत बसवले, ही गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. कारण एकाच मनुष्याच्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय करावे, याचे उत्तर त्या पंगतीत नाही. त्याला भाकरी मिळावी एवढे सांगितले आहे. ती कोणाच्या हातची असली तर तो खाईल, हे सांगितलेले नाही.

इंग्रजी मोजणीने या चित्रात एक नवी रेघ ओढली. पेशवाईअखेर मिरासदाराची जमीन ही पुष्कळ अंशी भाऊबंदांच्या एकत्र वहिवाटीची वस्तू होती. अशा मिरासदाराच्या घरातला एखादा भाऊ व्यवहाराला निरुपयोगी असला, तरी चार भावांच्या पोटात त्याचे पोट भरून जाई. गोल्डस्मिड-विंगेटच्या आधी प्रिंगल या अंमलदाराने १८२८ पासून जी आकारणी केली ती या तालुक्याला पेलली नाही, शेते पडीक पडली, आणि म्हणून १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीचा नवा, हलका सारा बसवण्यात आला. या नव्या पद्धतीत सरकारचा संबंध प्रत्येक खातेदाराशी नावानिशी आला. ज्याला चावडीवर उभे राहून बोलता येत नाही, ज्याला हप्त्याची तारीख सांभाळता येत नाही, अशा मनुष्याचे नाव खात्यावर राहील किंवा राहणार नाही, याचा निर्णय त्याच्या भावांच्या मनावर आणि कुळकर्ण्याच्या लेखणीवर येऊन पडला, आणि त्याच्या बायकोचे सारे भवितव्य त्या निर्णयाला बांधले गेले. १८६७ साली मुदत संपून फेरआकारणी झाली ती चढ्या दराने. त्यानंतर १८७५ चा सुप्याचा सावकारांविरुद्धचा दंगा आणि १८७६ चा दुष्काळ हे एकामागून एक आले. अशा वर्षांत घरातल्या कोणाचे दूध प्रथम बंद होते, हे सांगण्यास इतिहासकार लागत नाही.

आता बायकोच आजारी पडली तर काय होई? याचे उत्तर निमगावच्या रस्त्यावरून दरसाल जाणाऱ्या पालखीच्या धन्याच्या चरित्रातच आहे. तुकोबांची पहिली बायको रखुमाई. तिला दम्याचा विकार होता, आणि म्हणून घरच्यांनी पुण्याच्या गुळवे यांच्या घरची जिजाई त्यांना दुसरी करून दिली. त्या काळच्या रीतीने पाहता यात काही वावगे नव्हते. बायको आजारी असली की तिच्या जोडीला धडधाकट बायको आणावयाची, म्हणजे घर चालते आणि आजारीण कोपऱ्यात पडून राहते, हाच सर्वमान्य तोडगा होता. पुढे १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात रखुमाई अन्नावाचून गेली. जिजाईच्या वाट्याला जो संसार आला त्यात नवरा भामनाथाच्या नाही तर भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसे, दुकानाचे भान त्याला नसे, आणि ती भाकरी घेऊन डोंगर चढे. तुकोबांना कोणत्याही वैद्यकीय संज्ञेत बसवण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. मेलेल्या थोरांना निदाने चिकटवण्याचा अलीकडचा उद्योग मला मुळीच पसंत नाही. परंतु जिजाईला चरित्रकारांनी आणि कीर्तनकारांनी तीनशे वर्षे कजाग म्हणून रंगवले, आणि त्या रंगकामात ती रोज उन्हातून भाकरी नेत होती हा मुद्दा विनोदाच्या तोंडी लावण्यापुरता उरला, याचा राग यावयास हरकत नाही. ज्याला भूक लागल्याचे कळत नाही अशा माणसाला वेळेवर जेवू घालणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते.

बायको आजारी तर दुसरी बायको. नवरा आजारी किंवा खुळा तर बायकोने तेथेच राहावयाचे. हा रिवाज सर्व जातींत सारखा नव्हता, हे खरे. सरकारच्या हुकुमावरून आर्थर स्टील याने १८२७ साली दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात शेतकरी व कारागीर जातींतील पाट आणि सोडचिठ्ठी यांची नोंद आहे, आणि पेशव्यांच्या हिशेबांत पाट लावणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या ‘पाटदाम’ नावाच्या बाबतीचा उल्लेख येतो. तेव्हा कुणब्या-माळ्यांच्या बाईला बाहेर पडण्याची एक अरुंद वाट होती, जी ब्राह्मणाच्या बाईला मुळीच नव्हती. पण वाट असणे निराळे आणि मुले, शेत, माहेरची परिस्थिती यांच्या ओझ्यासह ती चालणे निराळे. बहुतेक जणी राहिल्या, आणि राहिल्या म्हणून एका विलक्षण विद्येच्या धनी झाल्या.

ती विद्या कशी असते हे समजण्यासाठी निमगावच्या पानमळ्यात एक गृहस्थ कल्पावा. पानमळा ही सावलीची, गारव्याची, आवाज मंद करून टाकणारी जागा असते. शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा यांच्या आधाराने वेल चढवलेला असतो, वाऱ्याचा मार लागू नये म्हणून भोवती आडोसा केलेला असतो, आणि ओळीमागून ओळ तेच काम करावयाचे असते. लव्हाळ्याने वेल बांधणे, अंगठ्यात लोखंडी नखी घालून पान खुडणे, आकार पाहून पाने निवडून एकावर एक रचणे, वर्षाने वेल उतरवून पुन्हा मातीआड करणे. या साऱ्यांत बोलण्याचे काम थोडे आणि नेमस्तपणाचे फार. ज्याला बाजारात सौदा करता येत नाही, ज्याला लग्नाच्या मांडवात क्षणभर बसवत नाही, असा एककल्ली मनुष्य या धंद्यात केवळ चालून जातो असे नाही, तर गावातला उत्तम कसबी म्हणून नाव मिळवतो. त्याच्या हातची पाने कधी कमी भरत नाहीत, त्याची ओळ कधी वाकडी जात नाही. पाने विकण्यास भाऊ जातो, हिशेब बायको ठेवते, आणि गाव म्हणते, मालक जरा तऱ्हेवाईक आहेत, पण मळा बघावा तर त्यांचाच.

हाच गृहस्थ आजारी पडला म्हणजे साऱ्या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. अशा माणसांपैकी पुष्कळांना दुखणे इतरांसारखे जाणवत नाही, किंवा जाणवले तरी ते सांगता येत नाही. पोटात कळ येत असेल तर ‘पोट दुखते’ असे न म्हणता तो ओसरीवर एरवीपेक्षा जोरात येरझारा घालतो. ताप असेल तर पांघरूण फेकून देऊन मळ्यात जाऊन बसतो. जेवण टाकतो ते मळमळते म्हणून, पण घरच्यांना वाटते की ताट बदलले म्हणून रुसला. बाहेरचा वैद्य हे सारे खुळाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. आजच्या वैद्यकाने या चुकीची दखल घेतली आहे: माणसाला आधीपासून एक शिक्का बसलेला असला की नव्या रोगाची लक्षणे त्या शिक्क्याखाली झाकली जातात, आणि निदान उशिरा होते. पण पंचवीस वर्षे एका छपराखाली राहिलेली बायको ही चूक करीत नाही. येरझाऱ्यांची गती तिला नाडीसारखी वाचता येते. काढा कोणत्या वाटीत दिला तर तो घेईल, अंगाला तेल लावताना हलका हात नको आणि घट्ट दाब चालतो, दिव्याची वात किती मोठी ठेवावी, कोणत्या पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत लावावे, हे ज्ञान कोणत्याही निघंटूत नव्हते आणि तरी औषधाच्या गुणाइतकेच निर्णायक होते. इंदापूरच्या दफ्तरात खातेदाराच्या जमिनीची प्रत आण्यांत लिहिलेली असे. या ज्ञानाची प्रतबंदी कोणी केली नाही.

हे ज्ञान घराच्या चौकटीला बांधलेले होते, आणि म्हणूनच घर सोडण्याची वेळ आली की ते पांगळे होई. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या आरंभी पुण्यात. पुढच्या काही वर्षांत तो जिल्ह्याच्या गावांत हिंडला. घरांची झडती, अनोळखी हातांनी काखा-जांघांची तपासणी, गाव ओस पाडून माळावर घातलेल्या झोपड्या, संशयितांच्या छावण्या, यांचा जाच सर्वांनाच झाला, आणि पुण्यात त्यातून रँडचा खून झाला, हा इतिहास सुपरिचित आहे. पण ज्याला परक्याचा स्पर्श चटक्यासारखा लागतो, ज्याला रोजची खुंटी रोजच्या भिंतीत दिसली नाही तर झोप येत नाही, त्याच्या बाबतीत त्या झोपडीतल्या रात्री कशा गेल्या असतील, आणि त्याला सोजिराच्या हाताखाली शांत उभा ठेवण्यासाठी त्याच्या बायकोला काय काय करावे लागले असेल, याचा विचार कोणी केलेला नाही. १९१८ चा इन्फ्लुएन्झा तर याहून वाईट, कारण त्यात शुश्रूषा करणारे आणि करून घेणारे एकाच दिवशी अंथरुणाला लागले. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांच्या घरात माणसे नेली.

सांभाळ करणाऱ्या बायकोच्या बाजूची आतली हकीकत लिहून ठेवणारी एक बाई महाराष्ट्रात झाली, आणि तिचे पुस्तक आपल्या भाषेतील सर्वोत्कृष्ट आत्मचरित्रांपैकी आहे, हे मराठी वाचकाचे भाग्य. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली ती मुख्यतः आपल्या पतीची, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कहाणी सांगण्यासाठी. पण तिचा आरंभ लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून होतो. १८५७ च्या धामधुमीत आजोबा फाशी गेले, त्या धक्क्यानंतर वडिलांना विटाळाच्या भयाने ग्रासले, आणि बाजारातून येणारा जिन्नस धुऊन घेतल्यावाचून घरात येईनासा झाला. ही सोवळ्याची कडेकोट व्यवस्था दिवसरात्र कोणाच्या कंबरेवर चालली होती, तर लक्ष्मीबाईंच्या आईच्या. मुलीने ते सारे हसत हसत लिहिले आहे. ते हसू फार महागात पडलेले आहे, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

आणि मग हीच मुलगी अशा पुरुषाच्या घरी नांदावयास गेली, ज्याची प्रतिभा असामान्य, अंतःकरण मोकळे, आणि चित्त क्षणभर एका जागी न ठरणारे. हाती आलेला पैसा टिळकांजवळ टिकत नसे. घरात काही न सांगता ते कोठेही निघून जात. राग आला की तो आकाशाला भिडे आणि ओसरला की पश्चात्ताप त्याहून उंच. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तोही बायकोला कल्पना न देता, आणि पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर तीही त्या घरात परत आली. तुकोबांप्रमाणेच टिळकांनाही कोणताही शिक्का मारण्याची माझी इच्छा नाही. लक्ष्मीबाईंनीही तो मारला नाही, आणि त्यांच्या लेखनाचे मोठेपण त्यातच आहे. त्यांनी एका माणसाच्या सवयी टिपल्या, त्या सवयींना धरून घर कसे उभे ठेवले ते सांगितले, आणि सहन करणाऱ्या बाईला देवी करून टाकण्याचा जो आपल्या वाङ्मयाचा जुना छंद, त्याला स्वतःपुरता साफ नकार दिला. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरे केले. कवीच्या शेवटच्या दिवसांविषयी आपण वाचतो तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या या बाईला त्याच्या स्वभावाचा चाळीस वर्षांचा अभ्यास होता, हे विसरून चालत नाही.

रुग्णालये आली तेव्हा हा सांभाळ घराबाहेर कसा न्यावा, असा नवा प्रश्न उभा राहिला. पुण्याचे ससून १८६७ चे. मिरजेला विल्यम वान्लेस याने मिशनचे रुग्णालय १८९४ साली सुरू केले, आणि त्याच्या नावाच्या वान्लेसवाडीत क्षयरोग्यांची सोय झाली. बारामतीला दौंडहून अरुंद रुळांची गाडी १९१४ साली आली, आणि बार्शी लाइट रेल्वे १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेली. तेव्हा या भागातला आजारी बैलगाडीतून उतरून आगगाडीत बसू लागला, आणि त्याच्याबरोबर पितळी डबा, तांब्या, शिध्याचे गाठोडे आणि बायको. आवारात चूल मांडून नातेवाईकांनीच रोग्याला रांधून घालावयाचे, ही आपल्याकडील रुग्णालयांची जुनी चाल गरिबीतून आणि जातिनिर्बंधांतून निघालेली होती, यात शंका नाही. परंतु तिचा एक लाभ कोणी हेतूने योजला नव्हता: ज्या रोग्याला परक्या हाताचा घास घशाखाली उतरत नाही, त्याला येथे तोच हात, तेच ताट आणि तीच भाजी मिळे. युरोपातल्या ज्या शिस्तशीर रुग्णालयांत भेटीची वेळ ठरवून देऊन बायकोला दाराबाहेर ठेवीत, तेथे अशा रोग्याची दशा आपल्या धुराने काळवंडलेल्या आवारातल्यापेक्षा वाईट झाली असली पाहिजे. आमच्या गैरसोयींची स्तुती करण्याची मला हौस नाही. पण हा एक अपवाद करावासा वाटतो.

दुसरीकडे येरवड्याचे वेड्यांचे इस्पितळ होते. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यात, एखाद्याला तेथे दाखल करावयाचे असल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज शक्यतो नवऱ्याने किंवा बायकोने करावा, अशी तरतूद होती. सरकारला जोडीदाराची आठवण झाली ती अशी, घरातून बाहेर काढण्याच्या अर्जावर सही करणारा म्हणून. १९४६ साली मुंबई प्रांताने हिंदूंचे द्विभार्याविवाह बंद केले आणि रखुमाईच्या घरात जो तोडगा निघाला तो बेकायदा झाला. १९४७ साली त्याच प्रांताने घटस्फोटाचा कायदा केला, त्यात सात वर्षांचे वेड आणि सात वर्षांचा महारोग ही दोन कारणे शेजारी शेजारी बसली, जणू याज्ञवल्क्याची यादी नव्या टाइपात छापली होती. वारसाहक्कावरील बंधन १९२८ साली सैल झाले होते, परंतु जन्मजात वेड्याला वा जडाला ते लागूच राहिले. १९५६ च्या वारसाकायद्याने रोग किंवा व्यंग यांवरून कोणाचाही हिस्सा हिरावता येणार नाही असे ठरवले, आणि पानमळ्यातल्या आपल्या गृहस्थाचे नाव सातबाऱ्यावर निर्वेधपणे राहू शकेल अशी व्यवस्था झाली. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात टिकून होते.

स्वमग्नतेला भारतीय कायद्याने नावानिशी ओळखले ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ती नव्हती, २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत आली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर १९१२ च्या अर्जाची दिशाच उलटी केली: मानसिक आजारात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे प्रौढ मनुष्याने आधी लिहून ठेवावे, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे तो प्रतिनिधीही स्वतःच नेमावा. पुष्कळ जण तेथे जोडीदाराचेच नाव लिहितील. मात्र स्वमग्नता हा मानसिक आजार नव्हे, आणि कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा विकार घेऊन आलेल्या स्वमग्न माणसाच्या कामी हा कायदा थोडाच पडतो. तेथे अजून सारा भार वॉर्डातल्या डॉक्टरच्या शहाणपणावर आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसलेल्या माणसावर आहे.

निमगावकरांना आता मोठ्या दुखण्यासाठी बारामती किंवा पुणे गाठावे लागते. कर्करोग असल्यास बार्शीची वाट धरणारेही आहेत. बार्शीला १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही सुरू झाली, आणि तिचे वैशिष्ट्य असे की रोगी दारी येण्याची वाट न पाहता तिची माणसे गावोगाव जाऊन चौकशी करीत. दुखणे सांगण्यास माणूस येत नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारावे, ही साधी गोष्ट दफ्तरदारांना सुचावयास इतकी वर्षे लागली. पण त्या नोंदवहीतही वय, गाव, अवयव, अवस्था एवढेच येणार, आणि ते योग्यच आहे. रोगी केमोथेरपीच्या खोलीतल्या पांढऱ्या दिव्याखाली का थरथरतो, हे त्या वहीचे काम नव्हे.

इंग्लंडात अलीकडे अशा रोग्यांसाठी एक लहानसा कागद प्रचारात आहे; रुग्णालयात पाऊल ठेवतानाच तो परिचारिकेच्या हाती द्यावयाचा, आणि त्यात रोग्याला काय सोसत नाही, वेदना तो कशी दाखवतो, त्याच्याशी कसे बोलावे हे लिहिलेले असते. आपल्याकडे तो कागद कोणी मराठीत तयार केला तर त्याचा मसुदा करण्यास तज्ज्ञांची समिती नेमण्याची आवश्यकता नाही. निमगावच्या कोणत्याही पानमळ्यावरची एखादी वडीलधारी बाई तो बसल्या बैठकीत सांगेल: हे गप्प झाले की दुखतंय असं समजा, सुई टोचण्याआधी सांगा, पण दोनदा सांगू नका, चहा स्टीलच्या कपात द्या, काचेच्या नको, पंख्याचा आवाज होत असेल तर खाट पलीकडं न्या, आणि मी पाणी आणायला गेले असले तर ह्यांना कोणी हात लावू नका, मी आलेच.